ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर घरी बदलावं का? माझं मत: बदलावं

घाटवाट (धागाकर्ता)
ऑटोमॅटिकच्या ऑइलचा विषय काढला की दोनच उत्तरं ऐकू येतात. एक, "ते लाइफटाइम असतं". दुसरं, "त्याला हात लावू नका". मला दोन्ही पटत नाहीत. झेडएफ ही जर्मन कंपनी बीएमडब्ल्यूसकट अनेकांना गिअरबॉक्स पुरवते. गाडी विकणारे ज्या ऑइलला आयुष्यभराचं म्हणतात, त्याबद्दल झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं झाली की बदला, असं सांगत आली आहे. मी गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकेन. त्यात आपल्याकडे रोजचं रांगतं ट्रॅफिक आणि सुट्टीत भरलेल्या गाडीनं घाट चढणं. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग, सर्वात जास्त तापतो तो याच वेळी, आणि ऑइल उष्णतेनंच मरतं.

बोलतोय फक्त टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांबद्दल. एएमटीमध्ये हे ऑइल नसतंच, आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर आपोआप चालतात. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा) आणि डीएसजी (दोन क्लचचा) या वेगळ्या ऑटोमॅटिकवाल्यांनी या धाग्यावरून काही करू नये.

काम अवघड नाही. गाडी चारही बाजूंनी सपाट राहील अशी घोड्यांवर (गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर) घ्या. आधी भरायचा बोल्ट सैल होतो का बघा, मगच खालचा ड्रेन बोल्ट उघडा. वरचा गंजून अडकला असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जागेवरच बसेल. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात धरा. पॅन (खालचं ऑइल साठणारं ताट) उतरवून त्यातला धातूचे कण धरणारा चुंबक पुसा, फिल्टर आणि गॅस्केट नवं लावा, आणि जेवढं निघालं तेवढंच नवं भरा. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. टोयोटाचं डब्ल्यूएस आणि जुनं डेक्सरॉन थ्री दोन्ही लाल दिसतात, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

पाना_बारा_तेरा
मी गॅरेज चालवतो. धंद्यासाठी विरोध करतोय असं वाटलं तर वाटू दे, पण माझा विरोध ठाम आहे.

बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) नसते. पॅनमध्ये लेव्हल प्लगच्या आत एक उभी नळी असते, तिच्या तोंडापर्यंत ऑइल आलं की लेव्हल बरोबर. पण हे कधी बघायचं? इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून घेतलेले आणि ऑइल ठरलेल्या तापमानाला, बऱ्याच गाड्यांत ४० अंशांच्या आसपास. ऑइल तापलं की फुगतं. गरम गिअरबॉक्सवर लेव्हल लावली तर थंड झाल्यावर कमी भरतं, मग पंप हवा ओढतो आणि क्लच घसरायला लागतात. जास्त भरलं तर आतले गिअर ऑइल घुसळून फेस करतात. घरच्या जॅकवर पुढून उचललेल्या गाडीत हे कसं जमणार?

शिवाय पॅनचे बोल्ट. त्यांना टॉर्क अगदी थोडा लागतो, सहसा १० न्यूटन-मीटरच्या आतबाहेर. हाताच्या अंदाजानं कसले की अॅल्युमिनियमचे आटे गेलेच समजा. आणि आत पुसायला कॉटन वेस्ट वापरणारे मी पाहिलेत. त्याचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइल कुठल्या मार्गानं जायचं ते ठरवणाऱ्या भागात) अडकला तर किती खर्च होतो ते विचारू नका.

घाटवाट
दादा, टॉर्क रेंच आणि धागे न सोडणारं फडकं, दोन्ही मान्य. तापमान मात्र आता घरी बघता येतं. बऱ्याच गाड्यांत ओबीडीच्या (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती देणाऱ्या सॉकेटच्या) स्वस्त स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान दिसतं. टोयोटाच्या अनेक मॉडेलमध्ये तर ओबीडी सॉकेटचे ४ आणि १३ नंबरचे पिन जोडले की डॅशबोर्डवरचा दिवाच तापमान जुळल्याचं सांगतो. आणि थंड ऑइल काढलं, मोजलं, तितकंच थंड ऑइल परत भरलं, तर लेव्हल बदलेल कशी?

पाना_बारा_तेरा
आधीची लेव्हल बरोबर होती असं तुम्ही धरूनच चालता. सील झिरपत असेल आणि आत आधीच अर्धा लिटर कमी असेल, तर तुम्ही तो कमीपणा मापून परत भरलात. पॅन उतरवताना जमिनीवर सांडलं ते तर मापात आलंच नाही.

हडसनकाठ
न्यू जर्सीहून लिहितोय. इकडे ड्राइव्हवेमध्ये हे काम करणारे पुष्कळ आहेत. जुन्या होंडा अकॉर्डमध्ये पॅन उतरवायची भानगडच नाही. ड्रेन प्लगला चौकोनी खाच असते, त्यात ३/८ इंची रॅचेट थेट बसतो. डिपस्टिक असते, तिच्याच नळीत नरसाळं लावून भरायचं. एका वेळी निम्म्याहून कमी ऑइल निघतं, म्हणून मध्ये गाडी फिरवून तीनदा करतात. दर वेळी ४० टक्के निघालं तर तिसऱ्यांदा भरल्यावर जुनं साधारण २२ टक्के उरतं. पुरेसं आहे. जुनं ऑइल बरीच पार्ट्सची दुकानं फुकट घेतात. भारतात त्याचं काय करता?

स्टिल्टपार्किंग
हाच माझा आक्षेप. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या फरशीवर सांडलेल्या ऑइलवरून दुचाक्या घसरल्या आहेत, आणि उरलेलं डब्यात भरून कचऱ्याच्या गाडीत. वापरलेलं ऑइल २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, गटारात किंवा ओल्या-सुक्यात टाकायची वस्तू नव्हे. आणि कृपा करून नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नका. जॅक फक्त उचलण्यासाठी, गाडी तोलून धरायला घोडीच हवी.

जुनाजाणता
माझ्या माहितीतल्या एका गाडीचं ऑइल दीड लाख किलोमीटरला पहिल्यांदा बदललं आणि महिनाभरात गिअरबॉक्स बसला. चालतंय तर चालू द्यावं.

पाना_बारा_तेरा
काका, इथे मी धागाकर्त्याच्या बाजूनं आहे. लोक ऑइल बदलायला येतात तेच गिअर घसरायला लागल्यावर. क्लच आधीच संपलेले असतात, नाव नव्या ऑइलचं होतं. फक्त इतक्या जुन्या गिअरबॉक्सला दाबानं ऑइल ढकलणारं फ्लश मशीन मी लावत नाही. बसलेला गाळ सुटून बारीक मार्गांत जातो. साधं काढून भरणं बरं.

घाटवाट
मग मधला रस्ता असा: नुसतं काढून-भरणं घरी, पॅन आणि फिल्टर लिफ्टवर. बऱ्याच जपानी गिअरबॉक्समध्ये फिल्टर म्हणजे धातूच्या जाळीचा गाळणाच असतो, तो दर वेळी काढायची गरजही नाही. जुनं ऑइल झाकणबंद कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात द्यायचं, तिथून ते अधिकृत रीसायकलरकडे जातं.

पाना_बारा_तेरा
कॅन आणा, मी घेईन. पण पॅन न उघडता चुंबक कसा बघणार? राखाडी लेप असेल तर झीज नेहमीची. हाताला टोचणारे कण असतील तर नवं ऑइल भरणं हा पैशांचा नाश आहे, आधी गिअरबॉक्स उघडावा लागेल. म्हणून पहिल्या वेळी तरी पॅन उतरवाच, तेही लिफ्टवर. आणि घरी भरलेल्या गाडीचा लेव्हल प्लग मी स्वतः उघडून बघेपर्यंत काम झालं असं म्हणणार नाही.