चामड्याच्या म्यानावरील काळे डाग कसे काढावेत? मदत हवी आहे

नमस्कार. छंद म्हणून मी चामड्याच्या वस्तू हाताने शिवतो. द्राक्षछाटणीच्या कात्रीसाठी कमरपट्ट्याला अडकवायचे म्यान करताना, हिरडा व बाभळीच्या सालीने कमावलेले ३ मिमी जाडीचे चामडे कोमट पाण्यात भिजवून, कात्रीवरच दाबून रात्रभर वाळू दिले. आकार उत्तम आला; मात्र लोखंड जिथे टेकले होते तिथे, चामड्यातील टॅनिनशी (हिरडा व सालीतील तुरट द्रव्याशी) त्याची प्रक्रिया होऊन, शाईसारखे काळे डाग उमटले. (हिरडा आणि लोखंड यांपासून पूर्वी शाईच करत, हे उशिरा आठवले!) उरलेल्या तुकड्यावर लिंबाचा रस चोळला असता डाग फिकट झाला, पण चामडे कडक पडले. ऑक्झॅलिक आम्ल वापरावे का, ते किती पातळ करावे आणि नंतर कोणते तेल द्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.