डेटाबेस सर्व्हरवर माहिती गोळा करणारं टूल आधीच बसवून ठेवावं की नाही?

भोसरीकर

परवा दुसऱ्या एका धाग्यावर शनिवारपेठ यांनी लिहिलं, "प्रॉडक्शनच्या डेटाबेस सर्व्हरवर डेटाबेस सोडून काहीही बसवू नये. पीटी-स्टॉकसारखी टूल्स म्हणजे ज्यांना डेटाबेस वाचता येत नाही त्यांच्या कुबड्या." तिथे उत्तर लिहायला घेतलं तर ते फारच लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पीटी-स्टॉक म्हणजे सर्व्हर अडखळला की त्या क्षणाची माहिती टिपून ठेवणारं टूल. कुबड्या हा शब्द मला लागला. सोळा वर्षं हेच काम करतोय. एकच किस्सा सांगतो.

भोसरी एमआयडीसीतला एक कारखाना. ईआरपी, म्हणजे साठा-चलन-हिशोबाचं सॉफ्टवेअर, मायएसक्यूएल डेटाबेसवर. रोज दुपारी पावणेचारच्या सुमाराला सगळं चार-पाच मिनिटं ठप्प. गेटवर ट्रक उभे, चलन निघत नाही, स्टोअरमधले काका एंटर दाबून दाबून हैराण. मग आपोआप सुरळीत. कोणी लॉगिन करून प्रोसेसलिस्ट (चालू क्वेरींची यादी) बघेपर्यंत सगळं साफ. तीन आठवडे असेच गेले. रॅम ६४ ची १२८ जीबी केली. स्टोरेजवाल्याला बोलावलं. त्याने नेटवर्कवाल्याकडे बोट दाखवलं.

मी गेलो गुरुवारी, कारखान्याला सुट्टी असते म्हणून. पीटी-स्टॉक बसवलं. एक शेल स्क्रिप्ट आहे हो ती! दर सेकंदाला थ्रेड्स रनिंग, म्हणजे त्या क्षणी डेटाबेसमध्ये किती कामं चालू आहेत, ते बघते, आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर सलग काही वेळा गेला की तीस सेकंद सगळं टिपून फाइलींत ठेवते. तिथे एरवी सहा-आठ असायचे, मी मर्यादा ३० ठेवली. शुक्रवारी ३:४२ ला सापडलं. प्रोसेसलिस्टच्या फाइलीत ११८ कनेक्शन्स एकाच अवस्थेत अडकलेली: 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक', म्हणजे टेबलाच्या कुलपासाठी थांबलेली. रांगेच्या तोंडाशी एक ट्रंकेट, म्हणजे टेबल रिकामं करणारी कमांड. ट्रान्झॅक्शन्सच्या फाइलीत ४७ मिनिटांपूर्वी उघडलेला एक व्यवहार, त्याचा थ्रेड झोपलेला.

म्हणजे झालं होतं असं. पहिल्या पाळीचे सुपरवायझर तीनच्या आधी साठ्याचा रिपोर्ट उघडून ठेवायचे. रिपोर्टच्या कनेक्शनमध्ये ऑटोकमिट बंद, म्हणजे वाचून झालं तरी व्यवहार उघडाच आणि टेबलावर त्याचा लॉक. ३:४० ला एक जॉब तेच सारांशाचं टेबल रिकामं करायला यायचा आणि लॉकसाठी थांबायचा. प्रत्येक स्क्रीन ते टेबल वाचते, त्यामुळे पुढचे सगळे त्याच्या मागे उभे. सुपरवायझरांनी पाळी सोपवून खिडकी बंद केली की गाडी पुढे. लॉक वेट टाइमआउटची मूळ सेटिंग ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे पूर्ण एक वर्ष. जॉबपुरती ती दहा सेकंद केली, ऑटोकमिट चालू केलं, विषय संपला.

हे कोणी डेटाबेस 'वाचून' शोधून दाखवावं. पुरावा पाच मिनिटं राहतो आणि नाहीसा होतो. टूल घटनेच्या आधी तिथे असावं लागतं. माझं म्हणणं एवढंच, आणि ते प्रत्येक प्रॉडक्शन सर्व्हरला लागू आहे.

शनिवारपेठ

माझं वाक्य तुम्ही बरोबर उतरवलंत, त्याबद्दल तक्रार नाही. कुबड्या शब्द मागे घेतो. बाकीचं मागे घेत नाही.

मी सहकारी बँकिंगमध्ये आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्याच पुण्यात कॉसमॉस बँकेवर हल्ला होऊन दोन दिवसांत ९४ कोटी गेले. तेव्हापासून आमच्याकडे सर्व्हरवरच्या प्रत्येक बायनरीचा हिशोब द्यावा लागतो. तुमची 'एक शेल स्क्रिप्ट' रूट म्हणून, सगळे अधिकार घेऊन, डीमन होऊन सतत मागे चालते. तिच्याकडे डेटाबेसचं लॉगिन असतं. ते लॉगिन कमांडच्या ओळीवर लिहिलेलं मी तीन ठिकाणी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि माझाही किस्सा ऐका. जुन्या नोकरीत एका इंजिनिअरने हेच टूल इंटरनेटवरून उचललेल्या कॉन्फिगसकट टाकलं. त्यात जीडीबी (चालू प्रोग्रॅम थांबवून आत बघणारं टूल) चालू होतं. ट्रिगर लागला, जीडीबी मायएसक्यूएलला जाऊन चिकटलं आणि सगळे थ्रेड गोठले. क्लस्टरला वाटलं प्रायमरी (मुख्य सर्व्हर) मेला, फेलओव्हर होऊन दुसऱ्या सर्व्हरने त्याची जागा घेतली. अर्ध्या मिनिटात जीडीबी सुटलं आणि जुना प्रायमरी जिवंत, तोही स्वतःला प्रायमरी समजणारा. दोन्हीकडे लिहिलं गेलं. ते निस्तरायला आम्हाला पहाटेचे सहा वाजले. त्या रात्री डेटाबेसला काहीही झालं नव्हतं. ट्रिगर लागला तो फक्त महिनाअखेरच्या लोडमुळे.

वारजे_माळवाडी

जीडीबी मुळात बंदच असतं. मुद्दाम चालू करावं लागतं. एसट्रेस आणि टीसीपीडंप या तपासणीच्या टूल्सचंही तेच. हा दोष टूलचा नाही.

पासवर्डचं शनिवारपेठ बरोबर बोलतायत. पीएस (चालू प्रोसेसची यादी) मारलं की दिसतो. स्वतंत्र फाइल, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता येईल अशी), आणि युजरला प्रोसेस व रिप्लिकेशन क्लायंट एवढेच अधिकार. आमचे सर्व्हर इंटरनेटला जोडलेले नाहीत. फाइल बाहेरच्या मशीनवर उतरवायची, सही तपासायची, मग आत न्यायची. त्याच संचातल्या पीटी-क्वेरी-डायजेस्टला पर्लची मॉड्यूल्स लागतात, ती ओढत बसण्यात दिवस जातो. ते सर्व्हरवर बसवूच नका. स्लो लॉग (संथ क्वेरींची नोंद) बाहेर न्या आणि तिथे चालवा.

औंधकर

मी ओरॅकलवाला. आमच्याकडे ओएसवॉचर वर्षानुवर्षं प्रत्येक सर्व्हरवर असतं. दर ३० सेकंदांनी टिपतं, ४८ तासांचं ठेवतं. त्यावर कधी वाद झालेला मला आठवत नाही. मायएसक्यूएलवाले एवढे का घाबरतात कळत नाही.

आमच्याकडे भीती वेगळी आहे. नव्या मुलाने कुठलीतरी माहिती गोळा करणारी स्क्रिप्ट चालवली आणि तिने एडब्ल्यूआर (ओरॅकलने साठवलेली कामगिरीची आकडेवारी) वाचलं, तर डायग्नोस्टिक्स पॅकचा वापर झाल्याची नोंद डेटाबेसमध्येच होते. लायसन्स घेतलेलं नसेल तर ती नोंद पुढे अडचणीत आणते. एका ग्राहकाकडे मी हे निस्तरलंय. म्हणून सांगतो, बसवा, पण स्क्रिप्ट आधी वाचा.

बाणेरची_मी

तुम्ही सगळे टूलबद्दल बोलताय. ते वाजल्यावर उठतं कोण, ते मी सांगते.

आमच्या टीममध्ये एका सल्लागारांनी येऊन पीटी-स्टॉक बसवलं आणि ते गेले. मर्यादा मूळचीच, २५. मशीन ६४ कोअरचं. रात्रीच्या बॅचला थ्रेड्स रनिंग ४० च्या आसपास रोजच असतात आणि त्यात काहीही वावगं नाही. ईमेल सूचना चालू होती, ती ऑन-कॉलच्या फोनला जोडलेली. अकरा रात्री सलग २:२० ला फोन. त्यातल्या दोन रात्री मी माहेरी साताऱ्याला होते. मुलगी दीड वर्षाची. ती उठली की पहाटेपर्यंत झोपत नाही. लॅपटॉप मांडीवर, ती खांद्यावर, आणि स्क्रीनवर सगळं ठीक.

ऑन-कॉलचे पैसे शून्य. दुसऱ्या दिवशी नऊला स्टँडअप ठरलेला.

मगरपट्टा_१२

ताई, अगदी हेच. आमच्याकडे रात्री ऑफिसला बोलावलं की कॅब मिळते, घरून काम केलं की काहीच नाही. म्हणून लोक मुद्दाम हिंजवडीला जातात. भत्ता मागितला तर मॅनेजर म्हणतात, तुमच्या पॅकेजमध्येच धरलाय.

औंधकर

या नोकरीत रात्रीचे फोन आलेच. आम्ही दोन-दोन रात्री सर्व्हर रूममध्ये जमिनीवर झोपून काढल्या आहेत, तेव्हा कोणी भत्ता विचारला नाही. ज्यांना झेपत नाही त्यांनी दुसरं काम बघावं, त्यात कमीपणा नाही.

बाणेरची_मी

औंधकर, तुम्ही जमिनीवर झोपलात तेव्हा घरी तुमची मुलं कोणी सांभाळली, तेही लिहा. झेपत नाही असं मी म्हटलेलं नाही. अकराच्या अकरा रात्री उठले, आणि मर्यादा चुकीची आहे हे शोधलंही मीच. मेल लिहून ती ९० करायला सांगितली, तर बदलाच्या मंजुरीला आठ दिवस लागले. टूल बसवायला मंजुरी एका फोनवर मिळाली होती.

मगरपट्टा_१२

+१. बसवणारा एक, जागणारा दुसरा.

शनिवारपेठ

मी परवा जे लिहिलं त्यामागे हेच होतं, फक्त मला ते असं मांडता आलं नाही. बसवून जाणारे सल्लागार असतात. भोसरीकर, तुम्ही त्या कारखान्यातून टूल काढून घेतलंत का? की ते अजून रूट म्हणून चालूच आहे?

भोसरीकर

चालू आहे. दर तीन महिन्यांनी मी स्वतः बघतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. मला 'बसवून जाणारा' म्हणण्याआधी विचारायचं होतंत.

बाणेरताई, तुमच्याकडे जे झालं ते वाईट काम आहे आणि ते आमच्याच धंद्यातल्या माणसाने केलंय. मर्यादा ठरवण्याआधी निदान आठवडाभर आकडे बघायचे असतात. आणि पीटी-स्टॉक फोन वाजवायला नाहीच. त्याने गपचूप टिपावं आणि माणसाने सकाळी चहा घेऊन वाचावं. उठवायचं काम मॉनिटरिंगचं. ईमेल मी कुठेच चालू करत नाही. हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

औंधकर

मुलं बायकोने सांभाळली. तिचीही नोकरी होती. 'दुसरं काम बघावं' हे वाक्य मी मागे घेतो. भत्त्याबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

मगरपट्टा_१२

तेच कसं? रात्री तीनला उठणं हे काम आहे की नाही? असेल तर पैसे द्या, नसेल तर फोन करू नका.

पाषाण_रोड

मूळ विषयावर येतो. दोन गोष्टी राहिल्या.

एक, आरडीएससारख्या क्लाउडवरच्या डेटाबेसला शेलच मिळत नाही. बाहेरच्या मशीनवरून चालवावं लागतं आणि मग फक्त डेटाबेसची बाजू दिसते. 'प्रत्येक प्रॉडक्शन सर्व्हर' हे वाक्य तिथेच गळतं.

दुसरी जास्त गंभीर. वारजे_माळवाडी यांनी सांगितलेला मर्यादित अधिकारांचा युजर ऐन वेळी दारातच अडकतो. कनेक्शन्स संपली की मायएसक्यूएल एकच जादा जागा राखून ठेवतं, तीही अ‍ॅडमिन अधिकारवाल्यासाठी. टूल प्रत्येक फाइलीसाठी नवं कनेक्शन मागतं. 'टू मेनी कनेक्शन्स' आलं की फाइली रिकाम्या.

भोसरीकर

म्हणूनच मर्यादा कमाल कनेक्शन्सच्या बरीच खाली ठेवायची. मूळ कमाल १५१ असते. मी ३० ला टिपायला लागतो, तेव्हा दार उघडं असतं. अर्थात एका सेकंदात ३० वरून १५१ वर गेलं तर तुमचं खरं. तसं एकदा माझ्याही वाट्याला आलंय, हाती फक्त मशीनची बाजू, व्हीएमस्टॅट आणि आयओस्टॅट, लागली. ८.०.१४ पासून अ‍ॅडमिनसाठी वेगळा पोर्ट उघडता येतो, पण त्यासाठी युजरला जास्त अधिकार द्यावे लागतात, आणि ते शनिवारपेठ देणार नाहीत.

शनिवारपेठ

नाही देणार.

आणि ज्यावर अजून कोणी बोललं नाही ते लिहितो. त्या फाइलींत काय असतं ते उघडून बघा. प्रोसेसलिस्टमध्ये क्वेरी पूर्ण येते, 'व्हेअर मोबाइल इज इक्वल टू' आणि पुढे खरा नंबर. पॅन नंबर. इनोडीबी स्टेटसमध्ये शेवटच्या डेडलॉकच्या (दोन व्यवहार एकमेकांसाठी अडकले त्या) ओळींचा डेटा हेक्समध्ये येतो, तो कोणालाही उलगडता येतो. तीस दिवस ते सगळं डिस्कवर पडून राहतं. मग कोणीतरी ते झिप करून व्हेंडरला मेल करतं. डेटाबेस एन्क्रिप्ट करायचा, बॅकअप एन्क्रिप्ट करायचे आणि ग्राहकांची माहिती साध्या मजकुरात शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवायची? उद्या ती बाहेर गेली तर सर्ट-इनला (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) सहा तासांत कळवावं लागतं. सल्लागारांना नाही, आम्हाला.

बाहेरून आलेल्या गोष्टींवर विश्वास का नाही, हे मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवरच्या टूलमध्ये मागचं दार सापडलं तेव्हा सगळ्यांनी पाहिलंय.

वारजे_माळवाडी

एक्सझेडचं उदाहरण उलटं पडतं. ते मागचं दार सापडलं कोणाला? आंद्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेसचा माणूस. तो कामगिरीची मोजमापं घेत होता आणि एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. मोजत होता म्हणून दिसलं.

शनिवारपेठ

तो स्वतःच्या चाचणीच्या मशीनवर मोजत होता, बँकेच्या प्रॉडक्शनवर नाही. पण मुद्दा पोचला.

भोसरीकर

फाइलींबद्दल शनिवारपेठ बरोबर आहेत. मला हे लिहायला आवडत नाहीये, पण काल रात्री भोसरीच्या सर्व्हरवर जाऊन बघितलं. फोल्डरला ७५५ परवानगी होती. कोणीही वाचू शकत होतं. त्यात पुरवठादारांचे बँक खाते क्रमांक होते, एका अपडेट क्वेरीत सरळ लिहिलेले. मीच बसवलं होतं. आता ७०० केलंय, साठवण तीस दिवसांवरून सात केली, आणि कारखान्याच्या आयटीवाल्यांना सकाळी फोन करून सांगितलं.

तरीही बसवू नका हे मी मान्य करणार नाही. ते टूल नसतं तर तो कारखाना आजही रॅम घेत असता.

शनिवारपेठ

फोन करून सांगितलंत हे फार थोडे लोक करतात.

आमच्याकडे एक रीड रेप्लिका (फक्त वाचनासाठीची प्रत) आहे, तिच्यावर दर सोमवारी सकाळी लॅग चढतो, म्हणजे ती प्रायमरीच्या मागे पडते, आणि कारण सापडत नाही. तिथे बसवून बघतो. रूट नाही, वेगळा ओएस युजर. लॅगवर ट्रिगर लावायला थोडी स्क्रिप्ट लिहावी लागेल, ती मी लिहीन. फोल्डर वेगळ्या एन्क्रिप्टेड पार्टिशनवर. ईमेल बंद. प्रायमरीवर नाही म्हणजे नाही.

पाषाण_रोड

रूट नसेल तर एलएसओएफ (उघड्या फाइलींची यादी) वगैरे काही गोष्टी अपुऱ्या येतील.

शनिवारपेठ

येऊ देत.

बाणेरची_मी

ट्रिगर लावाल तेव्हा आधी दोन सोमवार नुसते आकडे लिहून घ्या. आमच्याकडे मर्यादा आता ९० आहे आणि दीड महिन्यात एकदाच टिपलं गेलं. ते दुपारी होतं आणि खरं होतं. भत्त्याचा अर्ज एचआरकडे तसाच पडून आहे.