कुंडीतला टोमॅटो, बी पेरल्यापासून: तुमचे अनुभव लिहा

काल कोशिंबिरीसाठी टोमॅटो चिरला तर आत पांढरे कोंब. फार पिकून ओट्यावर राहिला की बिया फळातच रुजतात, हे ऐकून होते. पण सुरी हातातच राहिली. आप्पा आठवले.

डोंबिवलीला चाळीत दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. आणलेल्या भाजीतला सगळ्यात चांगला टोमॅटो आप्पा बियांसाठी बाजूला काढायचे आणि आईची बोलणी खायचे. गर वाटीत दोन-तीन दिवस आंबवायचा, वर पांढरी साय धरली की चाळणीत खळखळून धुवायचा. बुळबुळीत थर निघाल्याशिवाय बी चटकन रुजत नाही, म्हणायचे. मग वर्तमानपत्रावर वाळवण. बिया इतक्या चिकटायच्या की सोडवताना कागदाचा कपटा निघून यायचा, एकेका बीच्या पाठीवर अर्धं अक्षर. डालड्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली की झाली कुंडी.

ते गेले तेव्हा देवघराच्या फळीवर तीन पुड्या होत्या. मी पेरल्या नाहीत, जपून ठेवल्या. घर बदलताना गेल्या कुठेतरी. अजून रुखरुख आहे.

कालचे कोंब दह्याच्या डब्यात लावलेत. तुम्हीही लिहा.

ओसरी
कपट्यासकटच पेरायचं गं! आमची आजी तसंच पेरायची, कागद मातीत कुजून जातो. अर्ध्या अक्षराचं वाचून डोळे भरून आले.

नाशिककर
बाजारातला टोमॅटो बहुतेक संकरित असतो, बी धरलं तर फळ तसंच येईल असं नाही. माझ्याकडे एकाच टोमॅटोच्या बियांपासून एका झाडाला गोल आली, दुसऱ्याला लांबट. चव दोन्हींची छान होती. दरवर्षी बी धरायचं असेल तर पुसा रुबीसारखं सरळ वाण घ्या.

मनीप्लांट
फुलं येतात आणि गळतात!! पुणे, एप्रिल, पश्चिमेची गॅलरी. काय करू

नाशिककर
ऊन फार आहे. पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रीही गारवा नसला की फळ धरत नाही. दुपारी हिरवी जाळी लावा. सकाळी फुलांच्या देठाला हलकी टिचकी मारा, एकाच फुलात नर-मादी असतात, पराग झडला की काम झालं. जमलं नाही तर जूनमध्ये पुन्हा पेरा.

सुगरण_ठाणे
माझ्या टोमॅटोंना बुडाशी काळा डाग पडायचा. कोणी सांगितलं कॅल्शियम कमी, म्हणून अंड्याची टरफलं कुटून घातली, काही फरक नाही. मग लक्षात आलं, मी दोन दिवस विसरायचे आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर ओतायचे. पाणी असं आलं की मातीत असलेलं कॅल्शियमसुद्धा फळापर्यंत पोचत नाही. आता रोज बोट खुपसून बघते, वर पाचोळा पसरलाय. डाग गेले. कुकर झालाय, येते.

टोरांटोची_आत्या
आमच्याकडे मार्चमध्ये खिडकीत बी पेरायचं आणि मे अखेरपर्यंत थांबायचं, तोवर बाहेर दंव. रोपं उजेडासाठी लांबुळकी होतात. त्यांना वरच्या पानांपर्यंत मातीत गाडा, खोडालाच मुळं फुटतात. पहिल्या वर्षी मी घाबरून फेकून दिली होती बिचारी. ऑक्टोबरमध्ये थंडी आली की उरलेली हिरवीच उतरवायची आणि चटणी.

ओसरी
हिरव्या टोमॅटोच्या चटणीत तीळ की दाणे?

टोरांटोची_आत्या
दाणे. लसूण भरपूर. तेलात टोमॅटोची साल काळसर होईपर्यंत परतायचे.

सुगरण_ठाणे
तीळ! आमच्याकडे तीळच.

वऱ्हाडी_पोट्टी
माझ्या सासऱ्यांना पॅरालिसिस झाला, उजवा हात गेला, बोलणं गेलं. खाटेजवळच्या खिडकीत मी १४ इंची कुंडी ठेवली होती, सहजच. ते दिवसभर तिकडे पाहत. एक दिवस डाव्या हातानं खुणावून बोलावलं, मले वाटलं पाणी पाहिजे. तर पानाखाली पांढरी माशी दाखवत होते. शेतकरी माणूस. मग रोज पानं उलटून दाखवायची त्यांना. नीमतेल लिटरभर पाण्यात ५ मिली, थेंबभर साबण, संध्याकाळी फवारायचं. एका झाडाची पानं आकसली होती, ते उपटायलाच लावलं त्यांनी, बाकीच्यांना लागू नये म्हणून. पहिला टोमॅटो त्यांनीच तोडला.

ओसरी
नमस्कार सांग त्यांना.

वऱ्हाडी_पोट्टी
गेले ते मागच्या पोळ्याला. कुंडी आहे.

मनीप्लांट
😔 जाळी आणली आज. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटो शंभरावर गेले तेव्हा माझ्या दोन कुंड्यांतून ११ निघाले होते, अर्धे शेजारच्या काकूंना दिले. अजून त्या आठवण काढतात. बाय द वे कढीपत्त्याची पानं पिवळी पडतायत, कोणी सांगेल का

नाशिककर
कुंडीत पाणी साचतंय का बघा आधी.

धागाकर्ती
सगळं वाचतेय, दोनदा वाचतेय. वऱ्हाडी ताई, तुमच्या झाडाचं बी मिळेल का? पत्ता तुमच्या विपूत (विचारपुशीच्या पानावर) कळवते.
आज सकाळी दोन कोंब सरळ उभे राहिले. एकाची पानं उघडत नाहीयेत, बीची टोपी डोक्यावर घट्ट बसलीय. काढू का?

वऱ्हाडी_पोट्टी
ओढू नका हो, मान तुटते. पाण्यात बुडवलेलं बोट टेकवा तिला, भिजू द्या रात्रभर. बी पाठवते, कपट्यासकट.