केळकर संग्रहालय: दोन तासांत काय पाहावे?

कर्वेनगरी: नमस्कार. पुढील महिन्यात वडील पुण्यात येत आहेत. ते निवृत्त चित्रकला शिक्षक असल्यामुळे त्यांना शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवावे, असा विचार आहे. मी ते शाळेच्या सहलीत पाहिले होते, परंतु रांगेतून पुढे सरकत राहण्यापलीकडे फारसे काही आठवत नाही. वडिलांच्या गुडघ्यांमुळे दोन तासांहून अधिक वेळ फिरणे जमणार नाही. कोणत्या दालनांना वेळ द्यावा? आणि एकाच माणसाच्या आवडीतून जमलेल्या संग्रहात कलेच्या दृष्टीने पाहण्यासारखे कितपत आहे?

लामणदिवा: भरपूर आहे, मात्र ते दिवाणखान्यात टांगायच्या चित्रांच्या स्वरूपात शोधू नये. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवण्यास आरंभ केला, बालपणीच गेलेल्या एकुलत्या एका मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले आणि १९६२ मध्ये तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्यांची नजर दरबारापेक्षा माजघराकडे अधिक होती. अडकित्ते, दौती, करंडे, चुन्याच्या डब्या, पाय घासायच्या वजऱ्या अशा, एरवी घराघरांतून मोडीत गेल्या असत्या, त्या वस्तू त्यांनी हिंडून गोळा केल्या. वडिलांना अडकित्ते आणि दिवे यांच्यापाशीच निवांत थांबू द्यावे. सुपारी कातरण्याच्या साधनाला स्त्री-पुरुषांच्या किंवा पक्ष्यांच्या आकृतीचे रूप देताना कारागिराने दोन पात्यांच्या उघडझापीचा उपयोग कसा करून घेतला आहे, हे चित्रकाराच्या डोळ्यांना अधिक चटकन दिसेल. पितळी ओतकामात पुष्कळदा मेणाचा नमुना करून त्यावर मातीचा साचा चढवतात आणि वस्तू काढण्यासाठी तो फोडतात, त्यामुळे वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन दिव्यांतही फरक सापडतो. चित्रे वगळलीत तरी चालेल.

जुनी पेठ: शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि चित्रकला शिक्षकाला असा सल्ला देणे तर मला अजिबात पटत नाही. या संग्रहात पैठण शैलीतील चित्रकथी, म्हणजे कथा सांगताना दाखवायची चित्रे आहेत, काचेवरील चित्रे आहेत. काचचित्र मागील बाजूने रंगवतात. म्हणून दागिन्यांचे मोती, डोळ्यांच्या बाहुल्या, वस्त्रांची किनार हे एरवी अखेरीस येणारे बारकावे आधी काढावे लागतात आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी येते. ही उलटी शिस्त ओळखीची असलेला माणूस त्या चित्रासमोरून लवकर हलणार नाही. संग्रहाची एक मर्यादा मात्र सांगायला हवी: वस्तूचे नाव आणि काळ कळला, तरी ती कोणाच्या घरातली आणि कोणत्या हातची हे बहुधा कळत नाही. संग्रह २०,००० हून अधिक वस्तूंचा असून त्यांपैकी सुमारे २,५०० मांडल्या आहेत, असे सांगितले जाते. दोन तासांसाठी तेवढ्याही जास्तच आहेत.

कर्वेनगरी: दोघांचेही आभार. मग दिवे, अडकित्ते आणि काचचित्रे असे ठरवते. मस्तानी महाल खरोखर तिथे आहे का? वडिलांनी त्याबद्दल मुद्दाम विचारले आहे.

लामणदिवा: चित्रांबाबत ‘जुनी पेठ’ यांचे म्हणणे मान्य. मस्तानीचा महाल मूळचा कोथरूडचा. पहिल्या बाजीरावांनी तो बांधला असे मानतात. केळकरांनी त्याचे अवशेष आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. त्यामुळे कोरीव लाकूडकाम आणि दालनाचा घाट पाहावा, मूळ वास्तूच पाहत आहोत असे समजू नये. जिने चढायचे असल्याने वडिलांना आधी वरच्या मजल्यावर नेऊन सावकाश खाली यावे. डिसेंबर-जानेवारीत येणार असाल तर शाळांच्या सहलींची वेळ टाळण्यासाठी आधी दूरध्वनी करून विचारावे. बाजीराव रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळणे कठीण, तेव्हा रिक्षानेच जावे.