माजी सैनिकांच्या जमिनीसाठी रोखे: दर वेळी मतदारांना विचारायला नको का?

टेक्सासकर_कुलकर्णी
इथे टेक्सासात व्हेटरन्स लँड बोर्ड आहे, १९४६ च्या घटनादुरुस्तीतून आलेलं. राज्य रोखे विकतं, त्या पैशातून माजी सैनिकाला जमिनीसाठी आणि १९८३ पासून घरासाठीही कर्ज मिळतं. त्याच्या हप्त्यांतून रोखे फेडले जातात. पूर्वी रोख्यांची मर्यादा वाढवायची तर मतदारांचा कौल लागायचा. २००९ मधे सहावा प्रस्ताव मंजूर झाला आणि आधी मंजूर रकमेच्या आत राहून बोर्ड पुन्हा पुन्हा रोखे काढू शकतं असं ठरलं. मला हे पटत नाही. हमी राज्याची, म्हणजे उद्या हप्ते थकले तर भुर्दंड आपल्याला. मग दर वेळी आपल्याला विचारायला काय हरकत आहे?

स्पष्टवक्ती
असहमत. कौलाने काय रोखलं गेलं ते सांगा. पन्नाशीच्या दशकात राज्य स्वतः जमीन विकत घेऊन सैनिकाला हप्त्यावर विकायचं. दलाल मोठा पट्टा स्वस्तात उचलायचे, तुकडे पाडायचे आणि फुगवलेल्या किमतीला राज्याच्या गळ्यात मारायचे. कागदावर सह्या कुणाच्या? लिहितावाचता न येणाऱ्या काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या माजी सैनिकांच्या. कित्येकांना आपण जमीन घेतोय हेच माहीत नव्हतं! बोर्डाचा अध्यक्ष बॅस्कम जाइल्स राज्याचा निवडून आलेला लँड कमिशनर (सरकारी जमिनींच्या खात्याचा प्रमुख) होता आणि १९५४ मधे मतदारांनी त्यालाच परत निवडून दिलं. बिंग फोडलं ते क्युएरो या छोट्या गावातल्या वर्तमानपत्राच्या केन टॉवरी या संपादकाने. (हा गडी स्वतः दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचा युद्धकैदी होता. १९५५ चं पुलित्झर मिळालं त्याला.) जाइल्स तुरुंगात गेला. मतपेटीने यातलं काहीही पकडलं नव्हतं.

टेक्सासकर_कुलकर्णी
मान्य, पण त्यावरून कौल काढून टाका असं कसं निघतं? वाड्याला दोन कुलपं असतील आणि एक निकामी निघालं, तर ते काढून फेकायचं की दुरुस्त करायचं?

स्पष्टवक्ती
मतपत्रिकेवर दोन ओळींचा मजकूर असतो. त्यात जमिनीचं मूल्यांकन कोण करतं, हे कुठे लिहिलेलं असतं? गडबड तिथेच होते. मूल्यांकन स्वतंत्र माणसाकडून करवून घ्या, सैनिकाला समोर बसवून सही घ्या, झालं.

निमगोरा
मुळात ही योजनाच कशाला हवी? केंद्राच्या माजी सैनिक खात्याच्या हमीचं व्हीए कर्ज १९४४ पासून आहे, सुरुवातीची रक्कमही भरावी लागत नाही.

स्पष्टवक्ती
@निमगोरा, व्हीए कर्ज नुसत्या मोकळ्या जमिनीला मिळत नाही. चार एकर घेऊन पुढेमागे घर बांधायचं असेल तर इथल्या सैनिकाला बोर्डाचाच आधार.

सॅनहोजेचा_संज्या
आमच्या कॅलिफोर्नियात हे १९२१ पासून चालू आहे. २०१८ मधे घरांसाठी ४ अब्ज डॉलरचे रोखे मंजूर झाले, त्यातला १ अब्ज माजी सैनिकांच्या गृहकर्जांना. प्रचारात एकच पालुपद, फेड सैनिकच करतात, करदात्याला तोशीस नाही. अर्धसत्य आहे हे. टेक्सास, कॅलिफोर्निया, ओरेगॉन, अलास्का आणि विस्कॉन्सिन या पाचच राज्यांना सैनिकांच्या गृहकर्जांसाठी खास करमुक्त रोखे काढता येतात. त्या व्याजावर केंद्राचा आयकर लागत नाही. तो बुडालेला कर ओहायोवालाही भरतो. त्याला कुणी विचारलं?

सातारी_तोफखाना
आमच्याकडे आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन १९७८ पासून घरं बांधते. ना नफा ना तोटा, पण पैसा सदस्यांच्याच हप्त्यांचा. राज्य सरकारच्या रोख्यांचा संबंध नाही, त्यामुळे बांधकाम महागलं तर फरक जवानाच्या खिशातून. तुमचं भांडण ऐकून हेवाच वाटला राव.

टेक्सासकर_कुलकर्णी
@संज्या, मुद्दा बिनतोड. आता तर मी म्हणेन की दोन ओळींऐवजी मतपत्रिकेवर हाच हिशोब छापा.

स्पष्टवक्ती
छापा की. वाचणार कोण? २००९ चा कौल विषम वर्षातल्या नोव्हेंबरात होता, म्हणजे मोठी निवडणूक नसताना, इतर वेळच्या निम्मे लोकही तेव्हा मतदानाला फिरकत नाहीत. तुम्ही गेला होतात का, खरं सांगा!