हिशेबाच्या सॉफ्टवेअरची बीटा (चाचणीची) आणि नेहमीची आवृत्ती वेगळी कशी ठेवावी?

प्रश्न (सदाशिव पेठ)
नमस्कार. आम्ही तिघे मिळून मार्केट यार्डातील भुसार व्यापाऱ्यांसाठी विंडोजवर चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो. गेल्या महिन्यात एका व्यापाऱ्यांनी २.४ ची बीटा बसवली, ती न पटल्यामुळे काढून पुन्हा २.३ बसवली, तर २.३ मध्ये त्यांची डेटा फाइल उघडेचना, कारण बीटाने ती पहिल्यांदा उघडतानाच आतील तक्त्यांची रचना बदलली होती. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावले, तरी दिवसभराची बिले त्यांना पुन्हा भरावी लागली, याचे मला फार वाईट वाटते. डेटाबेस एसक्यूलाइट (सगळा डेटा एका फाइलमध्ये ठेवणारा) आहे. काय करावे?

उत्तर (कोथरूड)
बीटा हे वेगळे सॉफ्टवेअर समजा: नाव, आयकॉन, फोल्डर आणि एमएसआयमधील (विंडोजच्या इन्स्टॉलर फाइलमधील) अपग्रेड कोडही, म्हणजे नवी आवृत्ती कोणत्या सॉफ्टवेअरच्या जागी बसवायची हे सांगणारी खूणही, वेगळा ठेवा. क्रोम ब्राउझरची कॅनरी ही चाचणी आवृत्ती नेहमीच्या क्रोमशेजारी अशीच स्वतंत्र प्रोफाइल घेऊन बसते. बीटाने मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे; मात्र वॅल पद्धत (नव्या नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची) चालू असेल, तर केवळ मुख्य फाइल कॉपी केल्यास ताज्या नोंदी मागे राहू शकतात, म्हणून प्रत एसक्यूलाइटच्या बॅकअप सोयीनेच काढा. तक्त्यांच्या रचनेचा क्रमांक डेटा फाइलमधील ‘यूजर व्हर्जन’ या आकड्यात लिहा आणि आपल्याहून मोठा क्रमांक दिसल्यास फाइल न उघडता स्पष्ट मराठीत कारण सांगा. ही शेवटची तपासणी पुढच्या २.३.१ मध्येच द्या, कारण अडचण जुन्या आवृत्तीत येते.

उत्तर (हडपसर)
वरील सल्ला पटतो, पण त्यात एक धोका आहे. बीटा आणि अंतिम आवृत्ती वेगवेगळ्या बिल्ड केल्यात, म्हणजे कोडमधून चालणारे सॉफ्टवेअर दोनदा तयार केलेत, तर तपासलेली एक आणि ग्राहकाला दिलेली दुसरीच, असे होते. बिल्ड एकदाच करा. वेगळेपण फक्त पॅकेजिंगच्या पायरीवर आणा. शिवाय विंडोज इन्स्टॉलर आवृत्तीचे पहिले तीनच आकडे तुलनेत धरतो, त्यामुळे २.४.०.१ वरून २.४.०.२ हा बदल त्याला अपग्रेड वाटत नाही. बीटांचा क्रम तिसऱ्या आकड्यात ठेवा. आणि जीएसटी विवरणपत्रे भरण्याच्या ११ व २० तारखांच्या आसपास अंतिम आवृत्ती सोडू नका.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. २.३.१ मधील तपासणीचे काम आजच हाती घेतो. ती सर्व व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचेपर्यंत २.४ ची पुढची बीटा देणार नाही.