नायिका गुणी, पण मुलं नक्कल करतात शेळीची. काय बदलावं?

गोदाकाठ (परभणी):
५ ते ९ वयाच्या मुलांसाठी टू-डी कार्टून मालिका करतोय, भाग ३ मिनिटांचा. नायिका सगुणा टँकरवर पाणी भरते. हुशार, धीट, सगळ्यांच्या मदतीला धावणारी. मुलांना मात्र तिची भित्री, चोरून पाला खाणारी शेळीच आवडते. सगुणाचं डिझाइन बदलू का?

बालाघाट:
दादा, डिझाइनला हात लावू नका, स्वभावाला लावा. सगुणाला चुकायची मुभाच नाही, मग गोष्ट तिच्यामुळे घडणार कशी? डिस्नेच्या मिकी माउसचं तेच झालं. तो आदर्श ठरला, त्याला वेडंवाकडं वागवणं अवघड झालं. १९३४ मध्ये तापट डोनाल्ड डक आला आणि चिडणं, आदळआपट त्याच्या वाट्याला गेली. 'डोरेमॉन'मधला नोबिता आळशी, रडका, अभ्यासात कच्चा; पण मनाने मायाळू आहे म्हणून मुलं त्याला सोडत नाहीत.

सगुणाला एकच दोष द्या, तोही तिच्या गुणातून निघालेला. धीट आहे ना? मग उतावळी करा. टँकरचा पाइप सुटायच्या आत रांग मोडून हंडा पुढे सारते, धक्क्याने तो कलंडतो, पाणी मातीत जातं. भोगायचं मात्र तिनेच. तिच्या उतावळेपणापायी एखाद्या म्हातारीचा हंडा रिकामा राहिला, तर मुलांच्या मनातून ती उतरलीच समजा.

रेषाकार:
आणि हे संवादात सांगू नका, हालचालीत दिसू द्या. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं, धरली तर सगुणाची झेप घ्यायची तयारी ३-४ फ्रेममध्ये उरका. शेळी पळण्याआधी १०-१२ फ्रेम थबकू द्या. घाईत सगळ्यांना एकच टायमिंग कॉपी होतं, मग चेहरे निराळे आणि स्वभाव एकच. आवाज बंद करून मुलांना दाखवा आणि विचारा, ही कशी आहे? मुलं 'चांगली आहे' म्हणाली तर काम बाकी आहे. 'लई घाई करते' म्हणाली की जमलं.

गोदाकाठ:
मग शेळीचा भित्रेपणा कमी करू?

बालाघाट:
अजिबात नको! सगुणा पुढे धावते, शेळी दावं ताणून मागे ओढते. निम्मी गंमत तिथंच आहे. अजून एक, सगुणा पुस्तकी मराठी आणि टँकरवाले काका तेवढे परभणीचं बोलतात, असं असेल तर आधी ते काढा. बोली फक्त हसवणाऱ्याच्या तोंडी घातली की नायिका गावात परकी वाटते. चिडल्यावर तरी तिला तिच्या घरचं बोलू द्या.